आधी सावली, मग लेप

मे महिन्याच्या मध्याला ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत एक दुपार अशी येते की उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायांखाली गडप होते. हाच शून्य सावली दिवस. हा सगळा पट्टा १९.२ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैत ढग असतात म्हणून ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आपली खरी मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि ठाणे जिल्ह्याचा हा भाग ७३ अंशांच्या जवळ आहे. त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबारा उलटून गेल्यावर. सकाळच्या सत्रातल्या शाळा साधारण याच वेळेला सुटतात आणि दुपारच्या भरतात. स्कूटरवर मुलाला पुढे उभं करून निघालेली आई, फाटकाबाहेर ताटकळणारे आजोबा, दप्तर सांभाळत रिक्षाच्या रांगेत थांबलेली मुलं हे सगळे दिवसातल्या सर्वांत कडक उन्हात उभे असतात. सात-साडेसातची लोकल पकडून मुंबईला जाणारा आणि दिवेलागणीला परतणारा नोकरदार मात्र खिडकीतल्या उन्हाबद्दल उगाच कुरकुरतो. तेव्हाचं ऊन डोळ्यांवर येतं, पण तिरपं असतं. हवेच्या जाड थरातून येताना त्यातले रापवणारे किरण बरेचसे गळून गेलेले असतात.

कडक ऊन ओळखायला यंत्र लागत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर ऊन रापवणारं आहे असं समजावं. मेमध्ये आपल्याकडे ही स्थिती सकाळी साडेनऊच्या आसपास सुरू होते आणि पावणेचारपर्यंत टिकते. डिसेंबरात ती जेमतेम दोन तास असते. उकाडा हे रापण्याचं माप नाही. फेब्रुवारीतल्या गार वाऱ्यात भर दुपारी क्रिकेट खेळणारी मुलं घामाघूम न होताही रापतात, आणि ढगाळ दुपारीही किरणांचा बराच वाटा खाली पोचतो.

रापणं म्हणजे काय, हे नीट कळलं की अर्ध्याअधिक चुका टळतात. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यातले आखूड लहरींचे, ‘बी’ गटातले किरण त्वचेच्या वरच्या थराला भाजतात. लांब लहरींचे, ३२० ते ४०० नॅनोमीटरचे ‘ए’ गटातले किरण खोल उतरतात आणि काचेतूनही आत येतात. या किरणांनी पेशींच्या केंद्रातल्या डीएनएला इजा होते. ती ओळखून वरच्या थराच्या तळाशी बसलेल्या रंगपेशी मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य जास्त बनवू लागतात आणि ते शेजारच्या पेशींना पुरवतात. त्या पेशींमध्ये मेलॅनिनचे कण केंद्राच्या वरच्या अंगाला गोळा होतात, जणू प्रत्येक पेशीने आपल्या केंद्रावर छत्री उघडावी. उन्हातून आल्यावर लगेच दिसणारा काळेपणा काही तासांत ओसरतो. खरं रापणं दोन-तीन दिवसांनी वर येतं आणि आठवडे मुक्काम करतं.

म्हणजे रापलेपणा हा मळ नाही. तो त्वचेत तयार झालेला आहे, वर बसलेला नाही. घासून, खरवडून, ब्लीच लावून तो ‘काढण्याचा’ उद्योग त्यामुळेच फसतो. उलट आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला एक खोड आहे: तिला दुखापत झाली, पुरळ आलं, ओरखडा उठला की ती जागा बरी होताना आणखी काळी पडते. काथ्याने, दगडाने किंवा अक्रोडाच्या रवाळ स्क्रबने रोज घासलेली मान म्हणूनच उजळण्याऐवजी काळवंडते. त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो, वय वाढलं की त्याला जास्त वेळ लागतो. नवं ऊन लागलं नाही, तर रापलेला रंग या गतीने आपोआप उतरतो. आपल्या हातात दोनच गोष्टी असतात, नवं ऊन अडवणं आणि त्वचा शांत ठेवणं.

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतला क्रमही नेमका हाच आहे, आणि आजच्या ‘घरगुती उपायां’च्या गर्दीत तोच हरवला आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दिनचर्येच्या ओघात उन्हाचे परिणाम सांगितले आहेत. ऊन पित्त, तहान, घाम, भोवळ वाढवतं, दाह करतं आणि वर्ण बिघडवतं, आणि सावली हे सगळं दूर करते. उन्हाच्या या परिणामांवर सुश्रुताने तिथे सावलीचंच नाव घेतलं आहे. चरकाने सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात छत्री धरण्याचे गुण दिले आहेत: ती ऊन, वारा, धूळ आणि पाऊस अडवते. आपण तिचा चौथा उपयोग तेवढा लक्षात ठेवला. जूनमध्ये डोंबिवलीच्या पुलावर छत्र्यांची दाटी होते, मे महिन्यात त्याच पुलावरून उतरून उघड्या रस्त्याला लागणाऱ्यांत छत्री क्वचित दिसते, पुरुषांच्या हातात तर नाहीच. ही लाज सोडून देण्यासारखी आहे. घट्ट विणीची, गडद कापडाची छत्री हा ग्रंथोक्त उपाय आहे आणि आजचं विज्ञानही त्याच्या बाजूने आहे.

कापडाचंही तसंच. स्कूटरवर बसताना चेहऱ्याला बांधायचा स्कार्फ आपल्याकडच्या मुलींनी घरोघर नेला, ही फार चांगली गोष्ट झाली. पण विरळ विणीची पातळ ओढणी एकपदरी बांधली तर तिच्यातून बरेच किरण आत जातात, आणि घामाने भिजल्यावर तर आणखी. ती उजेडासमोर धरून पाहावी. पलीकडचा उजेड स्पष्ट दिसत असेल तर दुपदरी घ्यावी. गडद रंगाचं दाट सुती कापड फिकट पातळ कापडापेक्षा जास्त अडवतं. हातांचं मात्र आपण विसरतो. शिळफाटा रस्त्यावर किंवा घोडबंदर रस्त्यावर रोज दुचाकीने जाणाऱ्याच्या हाताकडे बघा. घड्याळाच्या पट्ट्याखाली मूळ रंगाची फीत, बोटांच्या पेरांवर काळसर घड्या, शर्टाची बाही संपते तिथे आखल्यासारखी रेघ. हँडलवर हाताची पाठ तासभर आभाळाकडे तोंड करून असते, म्हणून ती चेहऱ्याच्या आधी रापते. सुती हातमोजे किंवा लांब बाह्यांचा सनकोट हा तिथला खरा उपाय, कोणतंही मलम नव्हे.

आता लेपाकडे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात, मुखलेपाचं जे वर्णन आहे ते आजही जसंच्या तसं पाळण्याजोगं आहे. तिथे लेपाचे तीन प्रकार सांगितले आहेत: दोष कमी करणारा, विष उतरवणारा आणि वर्ण सुधारणारा. जाडी अंगुळाचा चौथा, तिसरा किंवा अर्धा भाग. पित्त वाढलेलं असेल तर लेप अगदी थंड हवा. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की लेप सुकू द्यायचा नाही. सुकलेला लेप कांती बिघडवतो, म्हणून तो ओला करून सोडवायचा आणि नंतर तेल लावायचं. लेप असताना दिवसा झोपणं, बोलणं, विस्तवाजवळ बसणं, उन्हात जाणं, शोक आणि राग वर्ज्य. आपण नेमकं उलट करतो. डाळीचं पीठ आणि मुलतानी माती थापून चेहरा ताणेपर्यंत सुकवतो, त्या अवस्थेत गॅससमोर पोळ्या लाटतो, आणि मग कोरडी पपडी चोळून उडवतो. त्यात त्वचेचा ओलावा जातो, ती लाल होते आणि वर म्हटल्याप्रमाणे पुढे काळी पडते.

ग्रीष्मासाठी वाग्भटाने सहा द्रव्यांचा लेप दिला आहे. त्यातली तीन, कुमुद, उत्पल आणि कल्हार, ही तळ्यातली फुलं आहेत. शहरात ती मिळणं अवघड. उरलेली तीन, दूर्वा, ज्येष्ठमध आणि चंदन, आपल्या हाताशी आहेत. दूर्वा स्थानकाबाहेरच्या फुलवाल्यांकडे रोज मिळतात, ज्येष्ठमध ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा कुठल्याही काष्ठौषधींच्या दुकानात, आणि चंदनाचं खोड व सहाण अजून बऱ्याच देवघरांत असते. चंदनाची तयार पूड घेण्यापेक्षा खोड उगाळावं. पुडीत भेसळ फार असते, शिवाय उगाळलेलं गंध इतकं मऊ उतरतं की चाळावं लागत नाही. सहाणेवर थोडं थोडं पाणी घालत चमचाभर दाट गंध उगाळावं. त्यात अर्धा चमचा वस्त्रगाळ ज्येष्ठमध आणि नीट धुऊन वाटलेल्या दूर्वांचा दोन चमचे रस घालावा. त्वचा कोरडी असेल तर थोडं गार दूध. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी, कारण वनस्पतीचीही ॲलर्जी येते, चंदनाचीही आणि हळदीचीही. काही झालं नाही तर संध्याकाळी, बाहेरची कामं संपल्यावर, चेहऱ्याला, मानेला आणि हातांना लावावा. पंधरा-वीस मिनिटं, तेही ओला असेपर्यंतच. मग पाण्याचा हात फिरवून, न चोळता धुवावा आणि तेलाचं बोट लावावं. कोकणात ओठ आणि टाचा फुटल्यावर जे कोकमाचं घट्ट तेल लावतात, ते इथेही चालतं. तेलकट त्वचेला मात्र त्याचा लवलेशच पुरे.

या द्रव्यांची निवड उगाच झालेली नाही. चरकाने वर्ण सुधारणाऱ्या दहा वनस्पतींचा एक गण सांगितला आहे. त्यात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा आणि सारिवा म्हणजे आपली उपळसरी आहे. पैकी ज्येष्ठमधाबद्दल आजच्या प्रयोगशाळांनीही साक्ष दिली आहे. त्याच्या मुळातलं ग्लॅब्रिडिन हे द्रव्य मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला आवर घालतं. पण प्रयोगशाळेतला शुद्ध अर्क आणि घरची पूड यांत अंतर आहे. लेपाने त्वचा थंडावते, मऊ होते, रंग उतरायला मदत होते. आठ दिवसांत दोन छटा उजळण्याचं आश्वासन कोणी दिलं तर त्याच्यापासून दूर राहावं.

आता दोन गोष्टींबद्दल कळकळीने सांगायचं आहे, कारण त्या दोन्ही ‘नैसर्गिक’ म्हणून बेधडक वापरल्या जातात.

पहिली बावची. दिवाळीच्या उटण्यासाठी वाळा, नागरमोथा, आंबेहळद, गव्हला-कचोरा घरी आणून कुटणाऱ्यांच्या काही याद्यांत बावचीही असते. बावचीच्या बियांत सोरालेन हे द्रव्य असतं, आणि त्वचेवर सोरालेन असताना ऊन लागलं की त्वचा भाजते आणि गडद काळी होते. आयुर्वेदाला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कोडावर, म्हणजे श्वित्रावर, बावची वापरतात ती याच गुणासाठी. चरकाने श्वित्राच्या रुग्णाला काकोदुंबर या दुसऱ्या वनस्पतीचा रस देऊन झेपेल तेवढ्या उन्हात बसवायला सांगितलं आहे. १९७४ साली अमेरिकेत सोरालेन आणि अतिनील ‘ए’ किरण यांची जोडी सोरायसिसवर वापरली गेली, त्यामागचं तत्त्व हेच. जे औषध रंग आणण्यासाठी आहे, ते रंग उतरवायला निघालेल्या माणसाने चेहऱ्याला लावणं घातक आहे.

दुसरी गोष्ट लिंबू. ‘लिंबू आणि साखर चोळा, टॅन जातं’ हा सल्ला सगळ्या महाराष्ट्रात फिरतो. लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत सोरालेनच्याच कुळातली द्रव्यं असतात. रस लावून, नीट न धुता उन्हात गेलं की तिथे लाली, कधी फोड, आणि मग महिनोन् महिने न जाणारे तपकिरी ओघळ उमटतात. उन्हाळ्यात सरबताच्या गाड्यांवर दिवसभर लिंबं पिळणाऱ्यांच्या हातांवर असे डाग पडू शकतात. लिंबू पोटात जाऊ द्या, चेहऱ्यावर नको.

ऊन लागून त्वचा लाल झाली, आग होऊ लागली, तर तो रापण्याच्या पुढचा टप्पा. गार (बर्फाचं नव्हे) पाण्याच्या घड्या ठेवाव्यात आणि कोरफडीचा गर लावावा. पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी पूर्ण निथळू द्यावा, त्याने खाज सुटते. फोड आले, ताप किंवा उलटी झाली तर लेप बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

पोटातून घ्यायच्या गोष्टींचं स्थान वेगळं आहे. कोकमाचं सरबत, ताक, धने-जिऱ्याचं पाणी, उपळसरीचं सरबत, आवळा, शहापूर-मुरबाडच्या बाजूने आणि वसई-पालघरकडून बाजारात येणारी जांभळं, करवंदं, ताडगोळे यांनी उन्हाचा त्रास सोसवतो, शरीरातलं पाणी टिकतं. त्यांनी किरण अडत नाहीत. शरद ऋतूतही, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात, पित्त खवळतं असं आयुर्वेद सांगतो आणि तेव्हा ऊन टाळायला सांगतो. पाऊस गेला म्हणून छत्री माळ्यावर टाकण्याची आपली सवय इथेही आड येते.

डोंबिवलीकरांना या विषयाचा एक घरचा धागा आहे. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या विको कंपनीचा कारखाना डोंबिवलीच्या एमआयडीसीत उभा राहिला, आणि त्यांच्या नावाचं महाविद्यालयही याच शहरात आहे. हळद आणि चंदनतेल असलेली त्यांची क्रीम सौंदर्यप्रसाधन मानायची की आयुर्वेदिक औषध, यावर उत्पादनशुल्क खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ती क्रीम आयुर्वेदिक औषधच ठरली. औषध आणि प्रसाधन यांतली सीमा किती बारीक आहे, हे त्यातून दिसतं. ती सीमा ग्राहकालाही पाहता यायला हवी. डबीवर परवाना क्रमांक, घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता आणि मुदत हवी. यातलं काहीच नसलेली, ‘संपूर्ण आयुर्वेदिक’ म्हणून पार्लरमधून किंवा ओळखीतून मिळणारी गोरेपणाची क्रीम घरात आणू नये. अशा क्रीममध्ये कधी पारा सापडतो, कधी स्टिरॉइड. अकोल्यात अशाच एका क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडं बिघडल्याचं प्रकरण पुढे आलं आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा आढळला. पारा रंग झपाट्याने उतरवतो, म्हणूनच तो मिसळतात. चार दिवसांत दिसणारा फरक हीच धोक्याची खूण मानावी.

सनस्क्रीन लावावी का, असं आयुर्वेदावर श्रद्धा असलेले बरेच जण संकोचाने विचारतात. लावावी. छत्री आणि कापड जिथे पोचत नाही तिथे ती सावलीचंच काम करते. झिंक ऑक्साइडची, एसपीएफ ३० किंवा त्यापुढची घ्यावी. एसपीएफ ३० योग्य जाडीत लावली तर ‘बी’ किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतकी लागते, आपण लावतो त्याच्या दुप्पट-तिप्पट. घाम येणाऱ्या आपल्या हवेत ती दोन तासांनी पुन्हा लावायची असते. कुंकुमादी तेल किंवा खोबरेल तिची जागा घेऊ शकत नाही. कुंकुमादी रात्री लावायचं तेल आहे, ते लावून उन्हात जाण्यासाठी नाही.

आणखी एक समजूत काढून टाकायला हवी. प्रत्येक काळेपणा उन्हाचा नसतो. दोन्ही गालांवर, कपाळावर नकाशासारखे उमटलेले तपकिरी डाग म्हणजे वांग. ते गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांमुळे, घराण्यातून येतात, उन्हाने वाढतात आणि लेपाने जात नाहीत. मानेच्या मागे आणि काखेत जाडसर, मखमली काळेपणा आला असेल तर तो बहुतेक वेळा वाढत्या वजनाशी आणि इन्सुलिनच्या बिघाडाशी जोडलेला असतो. ती मान घासत बसण्यापेक्षा रक्तातली साखर तपासून घ्यावी. आणि जो रंग शर्टाच्या बाहीच्या आत, दंडावर आहे, तो आपला जन्माचा रंग. रापलेपणा तिथवरच उतरतो, त्यापुढे उतरवायचं काही नसतं आणि उतरवूही नये.

मेमध्ये रापलेले हात नवं ऊन अडवलं तर गणपतीपर्यंत बहुधा दंडाच्या रंगाला येतात. तोवर न उतरलेला, वाढत जाणारा, खाजणारा किंवा आकार बदलणारा डाग त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.